सहल कोणी आखावी?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागली, की वर्गावर्गांतून सहलीच्या गोष्टी निघू लागतात. कोठे जावयाचे, केव्हा निघावयाचे, बरोबर काय न्यावयाचे, हे सारे बहुधा शिक्षकच ठरवतात. मुलांनी वर्गणी आणावी आणि सांगितलेल्या वेळी गाडीत बसावे, एवढेच त्यांचे काम. ही रीत बदलावी आणि सहलीची आखणी मुलांनीच करावी, असे माझे मत आहे. ते कसे बनले, ते सांगतो.

आमची शाळा शेगावच्या बाजूची. आमच्या उत्तरेला पूर्णा नदी आणि तिच्या पलीकडे सातपुड्याची रांग. त्या रांगेत, शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोटच्या उत्तरेस नरनाळा हा जुना गड आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ९०० मीटरांहून अधिक आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकांनी मुलांना तेथे नेले. निघता निघताच दहा वाजले. पाणी किती लागेल, याचा हिशेब कोणी केला नव्हता. निम्मा चढ होतो न होतो, तोच बाटल्या रिकाम्या झाल्या. महाकाली दरवाजा घाईघाईने पाहून आम्ही माघारी फिरलो. आमच्याबरोबर पायाने अधू असलेली एक मुलगी होती. ती दिवसभर पायथ्याशी गाडीत बसून राहिली. आम्ही परत आल्यावर तिने मैत्रिणींना विचारले, "तुम्ही काय काय पाहिलंत?" कोणालाच धड उत्तर देता येईना. तो प्रश्न माझ्या मनाला फार लागला.

पुढच्या वर्षी मी नकाशा आणि कोरा कागद वर्गापुढे ठेवला व म्हटले, "नरनाळ्याची सहल आता तुम्हीच आखा." पहिला प्रश्न त्याच मुलीने विचारला : "गुरुजी, गाडी कोठपर्यंत जाते?" आदल्या वर्षी आम्हां मोठ्या माणसांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता! मुलांनी चौकशी केली, तेव्हा कळले, की पायथ्याच्या शहानूर गावापासून गडावर गाडीरस्ता जातो. तिची जागा त्याच दिवशी नक्की झाली.

मग मुलांनी कामे वाटून घेतली. नरनाळा हे आता अभयारण्य असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथे वाघाचे घर आहे आणि आपण पाहुणे आहोत. म्हणून वनखात्याची परवानगी मागणारे पत्र एका गटाने लिहिले. दुसऱ्या गटाने वेळेचा हिशेब उलट्या बाजूने मांडला. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी जंगलाबाहेर पडावयाचे, तर पहाटेच निघावयास हवे, हे त्यांचे त्यांनाच उमगले. तिसऱ्या गटाने पाण्याचे गणित केले : मुले चाळीस, प्रत्येकी दोन लिटर, म्हणजे ऐंशी लिटर. शिदोरी भाकरी-ठेच्याची आणि प्रत्येकाची आपापली ठरली.

चौथ्या गटाने गडाचा इतिहास वाचला. १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहामनीने नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. दुरुस्ती केली, म्हणजे गड त्याच्याही आधीचा असला पाहिजे, हे एका मुलाने बरोबर ताडले. पूर्वेस जाफराबाद, मध्ये नरनाळा आणि पश्चिमेस तेल्यागड, असे या दुर्गाचे तीन भाग आहेत. महाकाली दरवाजा १४८७ सालचा. त्यावर कोरीव लेख आहेत. पुढे हा गड इमादशाहीकडे आणि नंतर मोगलांकडे गेला.

सहलीच्या दिवशी हे सारे कामी आले. आदल्या वर्षी नुसते दगड दिसले होते. या वर्षी मुले दरवाज्यावरची कमळे, सज्जे आणि लेख निरखीत उभी राहिली. शक्कर तलावाच्या काठी बसून शिदोरी सोडली, तेव्हा पाण्याच्या गटातला मुलगा म्हणाला, "गुरुजी, गड बांधणाऱ्यांनीही आधी पाण्याचाच हिशेब केला असेल!" मला फार आनंद झाला. आम्ही पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातली माणसे. आमच्या विहिरींना पाणी लागले, तरी ते बहुधा खारट. गोड्या पाण्याचे मोल आम्हांला कोणी सांगावयास नको. पावसाचे पाणी तलावांत अडवल्यावाचून एवढ्या उंचीवर शिबंदी राहिलीच नसती, हे त्या मुलाने स्वतःच्या गणितावरून ओळखले. तयार आखणीच्या सहलीत हे त्याला सुचले असते काय?

कोणी म्हणेल, मुले लहान आहेत, ती चुकतील. अवश्य चुकतील! आमच्या मुलांनी प्रथम जेवणाला वेळच ठेवला नव्हता. पण कागदावरची चूक खोडून टाकता येते; डोंगरावर गेल्यावर तीच चूक साऱ्यांना सोसावी लागते. शिक्षकांनी आखणी तपासावी, धोका दिसेल तेथे थांबवावे. पण लेखणी मुलांच्या हाती असू द्यावी.

मुलांनो, आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात मैलगड आहे; जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजाही आहे. यंदा सहलीची गोष्ट निघाली, की गुरुजींकडे नकाशा मागा. कामे वाटून घ्या. मात्र सर्वांच्या आधी एक प्रश्न विचारा : आपल्यापैकी कोणी मागे तर राहणार नाही ना? त्याचे उत्तर मिळाल्यावर मगच गाडी ठरवा.