पाटीवरचा एकच शब्द

भेंड्यांचा खेळ आपल्या घरोघरी रुजलेला आहे. त्यात पाठांतराची कसोटी लागते आणि एका पक्षाचा जय म्हणजे दुसऱ्याचा पराजय, हे ठरलेलेच असते. परंतु शब्दांचा असाही एक खेळ आहे, की ज्यात सारे खेळाडू एकाच पक्षाचे असतात. तो आपल्या शाळांतून अवश्य खेळला जावा, असे माझे मत आहे.

'जस्ट वन' हे त्याचे नाव. लुदोविक रूदी व ब्रूनो सोतेर यांनी रचलेल्या या खेळाला २०१९ साली जर्मनीतील 'वर्षातील उत्कृष्ट खेळ' हा मान मिळाला. तीन ते सात जणांनी तो खेळावयाचा. एकाने पत्ता स्वतः न पाहता इतरांसमोर उभा करावयाचा आणि एक ते पाचपैकी एक आकडा सांगावयाचा. पत्त्यावरील त्या क्रमांकाचा शब्द हा गुप्त शब्द. इतरांनी एकमेकांशी न बोलता आपापल्या पाटीवर एकच सूचक शब्द लिहावयाचा. मग ओळखणारा डोळे मिटतो, बाकीचे पाट्या ताडून पाहतात आणि जे शब्द सारखे आले असतील ते सर्व पुसून टाकतात. उरलेल्या शब्दांवरून त्याने उत्तर द्यावयाचे. असे तेरा पत्ते.

गुप्त शब्द 'समुद्र' आहे असे समजा. 'लाट' हा शब्द तिघांना सुचतो आणि तिन्ही पाट्या कोऱ्या होतात! चौथ्याचे 'मीठ' व पाचव्याचे 'गलबत' तेवढे उरते. एखाद्याने 'अगस्ती' लिहिले तर सूचना सुंदरच. पण ओळखणाऱ्यास समुद्रप्राशनाची कथा ठाऊक नसेल, तर ती व्यर्थ. शेजाऱ्याला सुचणार नाही, परंतु समोरच्याला समजेल, असा शब्द शोधणे हेच चांगल्या लेखनाचेही मर्म नव्हे काय? पावसावरील निबंधात तीच वाक्ये चाळीस वह्यांतून येतात आणि तेथे ती कोणी पुसत नाही. येथे पुसली जातात.

गुप्त शब्दाचे परभाषेतील भाषांतर लिहिण्यास मनाई आहे. घरी कोकणी व शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्हा गोमंतकीयांना हा नियम मोठा मौजेचा आहे. 'मासा' या शब्दासाठी 'नुस्तें' चालणार नाही, हे उघड आहे. पण 'पाणी' या शब्दासाठी 'उदक' लिहिले, तर ते कोकणी भाषांतर की मराठीतीलच समानार्थी शब्द? असा वाद वर्गात रंगला, तर दोन्ही भाषांचे नाते मुलांना आपोआप उमगेल.

आणखी एक नियम मला फार आवडतो. उत्तर चुकले, तर हातचा पत्ता जातोच, शिवाय पुढचाही जातो. 'मला येत नाही' असे म्हटले, तर एकच जातो. अज्ञान कबूल करण्यापेक्षा दडपून बोलणे महाग पडावे, ही शिकवण शाळेला शोभणारीच आहे.

यात स्पर्धा नाही, म्हणून चुरस नाही, असा आक्षेप कोणी घेईल. पण तेरांपैकी किती पत्ते साधले, ही चुरस साऱ्यांची मिळून असते. आणि एरवी गप्प बसणाऱ्या मुलाचा एखादा वेगळा शब्द सर्वांना तारून नेतो. या खेळास खर्चही लागत नाही. पाट्या, खडू आणि मुलांनीच लिहिलेल्या चिठ्ठ्या पुरेत. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या मोकळ्या तासाला करून पाहा. आणि पहिला सुचलेला शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा.