पाणी ग्रहावरचे की ताऱ्यावरचे?

दूरच्या एखाद्या ग्रहावर पाण्याची वाफ आढळल्याची बातमी अधूनमधून येते आणि लगेच तिथल्या जीवसृष्टीची चर्चा सुरू होते. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. ही वाफ ग्रहावरची की त्याच्या ताऱ्यावरची?

सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्राचा काळा ठिपका ६ जून २०१२ च्या सकाळी भारतातूनही पाहता आला. ते शुक्राचे अधिक्रमण. दूरच्या ताऱ्यासमोरून जाणारा ग्रह असा ठिपक्यासारखा दिसत नाही. ताऱ्याचा प्रकाश तेवढा किंचित घटतो. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या ग्रहाचे अधिक्रमण प्रथमच अशा रीतीने टिपले गेले आणि पुढे हजारो ग्रह सापडले. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश सुमारे १ टक्क्याने कमी करतो. पृथ्वीएवढा ग्रह एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ग्रहाच्या वातावरणातून गाळून येणाऱ्या प्रकाशातल्या वायूंच्या खुणा तर याहून पुसट.

एवढी बारीक मोजणी करताना तारा सगळीकडे सारखाच उजळ आहे असे धरले, तर हिशेब चुकतो. ताऱ्यांवर थंड डाग असतात, उजळ पट्टे असतात, ज्वाळा उसळतात. ग्रह डाग नसलेल्या भागावरून गेला, तर त्याने झाकलेला प्रकाश आणि उरलेल्या बिंबाचा प्रकाश यांच्या रंगात फरक पडतो. तो फरक ग्रहाच्या वातावरणाचा वाटू शकतो. लाल बटू तारे मुळातच थंड. त्यांच्या डागांत पाण्याची वाफसुद्धा टिकते. आपल्या सूर्याच्या डागांतही तिच्या खुणा सापडल्या आहेत.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. २०२३ मध्ये ‘जेम्स वेब’ दुर्बिणीला जीजे ४८६ बी या २६ प्रकाशवर्षांवरच्या खडकाळ ग्रहाच्या निरीक्षणात वाफेचा संकेत मिळाला. तो ताऱ्याच्या डागांमुळेही असू शकतो, हे संशोधकांनी स्वतःच सांगितले. ४० प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ भोवती पृथ्वीच्या आकाराच्या आसपासचे सात ग्रह आहेत, पण तिथेही ताऱ्याच्या डागांचा आणि ज्वाळांचा ठसा ग्रहांच्या संकेतांत मिसळतो.

खरा पेच इथेच आहे. तारा लहान असला की छोट्या ग्रहाचे अधिक्रमण ठळक दिसते, म्हणून लाल बटू तारे संशोधकांना सोयीचे. पण खवळलेले तारेही याच जातीत अधिक. तेव्हा ग्रहाचा शोध घ्यायचा तर आधी ताऱ्याचा स्वभाव जाणायला हवा. त्यासाठी एकाच ताऱ्याकडे वेगवेगळ्या रंगांत, पुन्हा पुन्हा पाहत राहावे लागते. नासाने ४५ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीची ‘पँडोरा’ मोहीम याचसाठी आखली. किमान २० ग्रह आणि त्यांचे तारे, प्रत्येकाची १० निरीक्षणे, असा तिचा बेत आहे.

अशा कामातून रोज बातमी निघत नाही. तरीही त्याला पैसा आणि दुर्बिणींचा वेळ मिळालाच पाहिजे, कारण महागड्या दुर्बिणींच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यावरच ठरणार आहे. वाचकांनीही पुढची ‘पाणी सापडले’ ही बातमी वाचताना ताऱ्याच्या डागांचा हिशेब त्यात आहे का, हे पाहावे. तो नसेल, तर जीवसृष्टीची चर्चा थोडी थांबू शकते.