चिक्कीतली साखर काढायची कशी?

गेल्या संक्रांतीच्या आधी मी बाजारातून शेंगदाण्याच्या चिक्कीचे एक पाकीट आणले. त्यावर ठळक अक्षरांत 'साखरविरहित' असे छापलेले होते आणि खाली अगदी बारीक टाइपात 'शुद्ध गुळापासून बनविलेली'. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, बरीच वर्षे मधुमेह आहे. चिक्की त्यांना फार प्रिय. मी पाकीट त्यांच्या हाती देऊन म्हणालो, "अण्णा, ही तुम्हांला चालेल." त्यांनी चष्मा लावून वरची अक्षरे वाचली, माझ्या पदवीवर विश्वास ठेवला आणि दुपारभरात चार वड्या संपविल्या. संध्याकाळी रक्तातील साखर मोजली तेव्हा यंत्रावरचा आकडा पाहून आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. वीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाने गूळ म्हणजे काय हे विसरावे, याची मला आजही लाज वाटते.

गूळ म्हणजे काय? उसाचा रस आटवून जे उरते ते. त्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग निरनिराळ्या शर्करांचाच असतो. सर्वांत जास्त सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, आणि त्यासोबत थोडे ग्लुकोज व फ्रुक्टोज. बाकी पाणी, थोडी खनिजे आणि गुळाला रंग व वास देणारे पदार्थ. गूळ चवदार आहे, त्यात थोडे लोहही आहे, हे सगळे खरे. पण गुळाच्या चिक्कीला साखरविरहित म्हणणे म्हणजे पाण्याऐवजी बर्फ दिला आणि पाणी दिलेच नाही असे म्हणण्यासारखे आहे.

मग घरी शेंगदाण्याची, तिळाची, सुक्यामेव्याची साखरेवाचून मिठाई करताच येणार नाही का? येते, आणि सोपीही आहे. पण त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे, आणि पाककृतीच्या पुस्तकांत हा प्रश्न सहसा विचारलेला नसतो. चिक्कीत साखर नेमके काय काम करते?

गोडी आणते, हे तर झालेच. पण ते तिचे दुय्यम काम आहे. आई चिक्की करते तेव्हा जवळ उभे राहून पाहा. गूळ पातेल्यात वितळून उकळू लागतो. पाणी वाफ होऊन जाते आणि पाकाचे तापमान हळूहळू चढते. द्रवात विरघळलेला पदार्थ जितका अधिक, तितका उत्कलनबिंदू वर जातो, हे तुम्ही वाचले आहेच. साखरेच्या पाकाची मऊ गोळी होते तेव्हा तापमान सुमारे ११५ अंश सेल्सिअस असते. चिक्कीसाठी ते १५० च्या आसपास न्यावे लागते आणि तेव्हा पाकात पाणी जेमतेम शेकडा एक उरते. (हे मोजण्याचा मोह झाला तर शाळेतला ११० अंशांचा तापमापक पाकात बुडवू नका, फुटेल. ३६० अंशांचा लागतो.) आईला तापमापक लागत नाही. ती वाटीभर गार पाण्यात पाकाचा एक थेंब टाकते, गोळी बाहेर काढते आणि ताटलीवर आपटते. 'टण्ण' आवाज झाला की पाक झाला.

त्या थेंबाचे काय झाले असेल? सावकाश निवता निवता ढवळत राहिले असते, तर साखरेच्या रेणूंनी ओळीत बसून स्फटिक केले असते. पण येथे थेंब इतक्या झटकन थंड झाला की रेणूंना आपापली जागा शोधायला सवडच मिळाली नाही. जेथे होते तेथेच ते गोठले. अशा पदार्थाला आपण काच म्हणतो. होय, चिक्की ही खाण्याची काच आहे! म्हणूनच ती खिडकीच्या काचेसारखी कडकन मोडते, वाकत नाही. शेंगदाणे या काचेत बसविलेले असतात, भिंतीत विटा बसवाव्यात तसे. पावसाळ्यात हीच चिक्की उघडी राहिली की चिकट होते, कारण साखर हवेतली वाफ शोषून घेते आणि पाण्याचे रेणू मध्ये शिरले की साखरेचे रेणू एकमेकांवरून घसरू लागतात. लोणावळ्याला धुक्यात चिक्की विकणारे दुकानदार ती कागदात घट्ट गुंडाळून का ठेवतात, हे आता तुमच्या लक्षात येईल.

म्हणजे चिक्कीत साखर हा चुना आहे, विटा नव्हेत. तो काढला तर विटा रचणार कशाच्या आधारावर?

आता तुम्ही म्हणाल, औषधांच्या दुकानात मधुमेह्यांसाठी गोड गोळ्या आणि भुकटी मिळते, ती घालावी. हिशेब करून पाहू. सुक्रलोज नावाचा पदार्थ साखरेच्या सुमारे ६०० पट गोड आहे. पाव किलो साखरेची गोडी हवी असेल तर तो अर्ध्या ग्रॅमहूनही कमी पुरतो. गोडी मिळाली, पण पाव किलो चुन्याच्या जागी आली चिमूटभर भुकटी! तिने दाणे कसे चिकटणार? कारखान्यात साखरेविना कडक गोळ्या करतात तेव्हा बहुधा आयसोमाल्टसारखा पदार्थ वापरतात. तो साखरेपासूनच बनवितात, त्याचीही काच होते, पण शरीरात त्याचे पूर्ण पचन होत नाही. त्यामुळे ऊर्जा निम्मी मिळते आणि गोळ्या जास्त खाल्ल्या तर पोटही बिघडते. घरच्या स्वयंपाकघरात त्याच्या मागे लागण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही.

दुसरा मार्ग खजुराचा, आणि तो सध्या फारच लोकप्रिय आहे. खजूर वाटून त्यात बदाम, काजू, अक्रोड मिसळायचे, वड्या पाडायच्या आणि नाव द्यायचे 'शुगर-फ्री रोल'. खजूर चांगला चिकटतो. का? कारण त्याच्या वजनाचा निम्म्याहून बराच जास्त भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतो! तंतुमय पदार्थांमुळे ही साखर रक्तात थोडी सावकाश उतरते, हा फायदा आहे. चिक्कीपेक्षा खजुराची वडी बरी, हे मी मान्य करीन. पण साखरविरहित? अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत, ज्यांना कोडेक्स म्हणतात, असे सांगितले आहे की साखरेच्या ऐवजी सुक्या फळांचा लगदा घातला असेल तर 'साखर घातलेली नाही' एवढाही दावा करता येत नाही.

मग चुना आणायचा कोठून? तो विटांतच आहे. शेंगदाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते, तिळाचेही तसेच. हे तेल दाण्याच्या सूक्ष्म पेशींत कोंडलेले असते. दाणे भाजून गरम असतानाच खलबत्त्यात कुटले की पेशी फुटतात, तेल सुटते आणि कुटाचा गोळा होऊ लागतो. समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा किल्ला केला असेल तर आठवा. कोरडी वाळू ओघळते आणि फार ओली वाळूही ओघळते. पण नेमकी ओलसर असेल तर कणाकणांमधले पाण्याचे पातळ पापुद्रे पृष्ठताणामुळे त्यांना धरून ठेवतात. लाडवात तेच काम तेल करते.

आमच्या घरी बरेच फसून शेवटी जमलेले प्रमाण असे आहे. शेंगदाणे २०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, किसलेले सुके खोबरे ३० ग्रॅम, डाळ्याचे पीठ ५० ग्रॅम, वेलची, थोडे जायफळ आणि चिमूटभर मीठ. दाणे मंद आचेवर भाजून, चोळून साले पाखडून टाका. तीळ आणि खोबरे वेगवेगळे भाजा, कारण खोबरे लगेच करपते. निम्मे दाणे तेल सुटेपर्यंत अगदी बारीक कुटा. मिक्सर चालेल, पण थांबत थांबत फिरवा. उरलेले निम्मे दाणे जाडसर ठेवा. काँक्रीटमध्ये खडी आणि वाळू दोन्ही लागतात, तसेच हे. सर्व एकत्र करून शेवटी डाळ्याचे पीठ थोडे थोडे मिसळा. ते जास्तीचे तेल शोषते. कोमट असतानाच दाबून सोळा लाडू वळा. पहिल्या खेपेस आम्ही सगळेच दाणे बारीक केले आणि पीठ विसरलो, तेव्हा लाडू बशीत पसरून त्यांची पोळी झाली होती!

थंडीत हे लाडू अधिक घट्ट बसतात. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, म्हणूनच डिसेंबरात तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. लाडवातले खोबरेही त्या नियमाला अपवाद नाही.

दोन सूचना मात्र विसरू नका. कुबट, काळपट किंवा बुरशी आलेले दाणे निवडून फेकून द्या. त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पूर्ण नाहीसे होत नाही. आणि घरात अगदी लहान भावंडे असतील तर त्यांना अख्खे किंवा जाडसर दाणे देऊ नका, घशात अडकतात.

आता आकडे पाहा. पाव किलो दाणे आणि पाव किलो गूळ यांच्या २० वड्या केल्या तर एका वडीत सुमारे १० ग्रॅम साखर, म्हणजे दोन चमचे. अण्णांनी त्या दिवशी आठ चमचे खाल्ली! त्याच हिशेबाने खजुराच्या वडीत सुमारे ८ ग्रॅम. आणि आमच्या लाडवात? सुमारे १ ग्रॅम. ती आम्ही घातलेली नाही, दाण्यांत, खोबऱ्यात आणि डाळ्यांत मुळातच असते. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तो लाडू सुमारे ११० कॅलरींचा आहे आणि चिक्कीची वडीही जवळपास तेवढ्याच कॅलरींची. साखर गेली, पण तेल वाढले. साखर नाही म्हणून डबा रिकामा करायचा, हा हिशेब चुकतो.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली केलेल्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर त्याला 'शुगर-फ्री' म्हणता येत नाही. नुसत्या भाजलेल्या शेंगदाण्यांत १०० ग्रॅममागे चार ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे कागदाच्या पुडीतले खारे दाणेसुद्धा या परीक्षेत नापास! आमचा लाडूही अर्थात नापासच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, घरगुती मिठाईसाठी हा शब्द आपण वापरूच नये. हे मी विशेषतः शिक्षकांना सांगतो आहे. बालआनंद मेळाव्यात मुले गुळाचे, खजुराचे, मधाचे लाडू 'शुगर-फ्री' अशी पाटी लावून विकतात आणि आपण कौतुकाने विकत घेतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्या मेळाव्याला आलेल्या आजोबांपैकी काही जण त्यांतले असणारच, आणि नातवाच्या हातची पाटी ते दुकानदाराच्या पाटीपेक्षा अधिक विश्वासाने वाचतात. मुलांना ती पाटी पुसायला लावा. तिच्या जागी साहित्याची यादी आणि एका नगात किती ग्रॅम साखर, एवढे दोनच आकडेवारीचे रकाने लिहायला सांगा. तराजू, भागाकार आणि पोषणमूल्यांचा तक्ता एवढ्यावर हे काम होते, आणि सातवीतल्या मुलालाही ते जमते.

अण्णांनी पहिला लाडू खाल्ला तेव्हा म्हणाले, "गोड नाही रे हा." मी म्हटले, "नाहीच आहे." थोड्या वेळाने त्यांनी दुसरा मागितला. जेवणानंतर दोन तासांनी आम्ही साखर मोजली आणि आकडा वहीत लिहून ठेवला. पुढच्या तपासणीला ती वही त्यांनी डॉक्टरांना दाखविली. आता आमच्या डब्याच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटविलेली असते: दाणे, तीळ, खोबरे, डाळे, साखर घातलेली नाही, एका लाडवात सुमारे १ ग्रॅम.