होय म्हटलं की जातात...

परवा चोर्ला घाट चढून कंग्राळीला गेलो होतो, मावशीकडे. चहा होतो न होतो तोच दोन मुली दारात. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मचा गठ्ठा. सार्वजनिक आरोग्य या विषयात मास्टर्स करतात म्हणाल्या. एक ईशान्येकडची, दुसरी बंगळूरची. फॉर्म कानडीत, प्रश्न अर्धे कानडीत, अर्धे हिंदीत. मावशीचं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "होय." बीपीची गोळी रोज घेता? होय.

मुली गेल्यावर मी म्हटलं, "अगं, गोळ्या तर तू दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्यास ना?"

"त्यांस्नी काय सांगू? गोळी घेतली की घेरी येतीया, हे कानडीत कसं सांगायचं? होय म्हटलं की जातात बघ."

मित्रहो, त्या मुलींचा दोष नाही. भर उन्हात दारोदार फिरत होत्या बिचाऱ्या. दोष त्यांना तसं पाठवणाऱ्यांचा. आजकाल अशा अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत 'विविध पार्श्वभूमीचे विद्यार्थी' आणि 'आरोग्यसमता' हे शब्द हमखास असतात. चांगलंच आहे. पण विविधता फोटोत दिसून काय उपयोग? ज्या ओसरीवर जायचं तिथली भाषा समजणारं कुणी वर्गात आहे का, हे कोण विचारतो?

याच बेळगाव जिल्ह्याचं उदाहरण घ्या. 2006 साली 'लॅन्सेट'मध्ये इथल्या खेड्यांतल्या 1620 बाळंतिणींचा अभ्यास छापून आला. मिसोप्रोस्टॉल या स्वस्त गोळीमुळे बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. गोळ्या कुणी दिल्या? परदेशी तज्ज्ञांनी नव्हे, उपकेंद्रांच्या नर्सबाईंनी. आपल्या गोव्यात 'संगत' संस्थेच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 'मानस' प्रयोगातही तेच दिसलं. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक बायकांनी सरकारी आरोग्य केंद्रांत उदासीनतेच्या रुग्णांना सावरलं.

मग माझा साधा प्रश्न आहे. ज्या नर्सबाई, ज्या आशाताई हे काम करतात, त्या सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणून का दिसत नाहीत? त्यांच्यासाठी राखीव जागा ठेवा, फी माफ करा, नोकरी सांभाळून शिकू द्या. विविधता ती हीच! आणि फॉर्म मराठीत छापा. ज्या भागात 15 टक्के लोक अल्पसंख्य भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्याव्यात, हे 1961च्या मुख्यमंत्री परिषदेतच ठरलं होतं. आजारी माणसाला विचारायचा प्रश्न महत्त्वाचा नाही काय?

यावर कुणी म्हणेल, हा भाषावाद झाला. नाही हो. निपाणीच्या विडी कामगार बाईचा खोकला मराठी नसतो की कानडी नसतो, पण तो ती सांगते आपल्याच भाषेत. राजकारण केलं ते सरकारांनी. 2023 साली महाराष्ट्राने 865 सीमागावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तर लगेच कर्नाटकाने आक्षेप घेतला. उपचार राहिले बाजूला, भांडण हद्दीचं!

आणि आपण गोंयकारांनी फार हसू नये. जानेवारी 2018 मध्ये बांबोळीला बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गची माणसं रस्त्यावर आली. आपल्यातल्या कितीजणांनी 'आपले पैसे, आपलं इस्पितळ' म्हणून टाळ्या वाजवल्या, आठवून बघा. तिथे तर भाषेचीही अडचण नव्हती. आरोग्यसमता दुसऱ्याच्या गावात छान वाटते, आपल्या दारात आली की तिचा पत्ता विचारतो आपण.

मावशीला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ती मराठीत बोलली, त्यांनी ऐकलं आणि गोळी बदलून दिली. पाच मिनिटं लागली. त्या गठ्ठ्यातल्या तिच्या फॉर्मवर मात्र अजून 'होय'च लिहिलेलं आहे.