कर्जदाराला उसंत कुठे आहे?

कोणत्याही मराठी दैनिकाची आतली पाने उलटली की बारीक टायपातली ‘ताबा सूचना’ दिसतेच. कर्जदाराचे नाव, सहकर्जदार म्हणून बहुधा बायकोचे, मग जामीनदाराचे. थकबाकी पैशांपर्यंत मोजलेली. फ्लॅटचा क्रमांक, चटई क्षेत्र, चतुःसीमा: पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा. खाली बँकेने ‘सांकेतिक ताबा’ घेतल्याची ओळ, आणि काही आठवड्यांनी त्याच घराच्या ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावरील लिलावाची जाहिरात. घरातल्यांनी नातेवाइकांपासून वर्षभर लपवलेली गोष्ट अशी चौकटीत छापून येते आणि तिची प्रत दारावरही डकवली जाते.

अशा वेळी अमेरिकेतला एखादा भाचा फोनवर विचारतो, “मामा, बँकरप्टसी का फाइल करत नाही?” मामाला हा प्रश्न उद्धट वाटतो, पण तो तसा नाही. भाच्याच्या देशात घर वाचवण्यासाठी लोक खरोखरच हा अर्ज करतात.

अमेरिकेच्या १९७८ च्या दिवाळखोरी संहितेत ‘चॅप्टर १३’ आहे. नियमित उत्पन्न असलेल्या माणसाने त्याखाली अर्ज दाखल केला की साधारणपणे त्याच क्षणी वसुली थांबते. वसुलीचे फोन, पगारावरची जप्ती आणि घराचा लिलाव, सगळेच. न्यायाधीशाच्या वेगळ्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. मग तीन ते पाच वर्षांत थकबाकी फेडण्याचा आराखडा न्यायालयापुढे ठेवायचा. समजा, हप्ते चुकून १२ हजार डॉलर साचले. ६० महिन्यांत विभागले तर महिन्याला २०० डॉलर होतात. शिवाय ट्रस्टीचा मेहनताना. ही रक्कम आणि चालू हप्ता असे दोन्ही नेमाने भरले तर घर राहते. चुकले तर स्थगिती उठते. आणि लिलाव होऊन गेल्यावर धावत गेलात, तर अर्जाचा त्या घरासाठी उपयोग नाही.

याहून मोठी आशा त्या कायद्याकडून करू नये. मूळ कर्ज त्याने कमी होत नाही. घराची किंमत कर्जाहून खाली गेली तरी राहत्या घराच्या तारण कर्जाला न्यायालयाने कात्री लावू नये, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरवले. भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घराचे कर्ज मात्र काही वेळा कमी करता येते. विचित्र आहे, पण कायदा तसाच आहे. २००८ च्या पडझडीनंतर हा नियम बदलण्याचे विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झाले आणि २००९ मध्ये सिनेटमध्ये पडले. अर्जाआधी समुपदेशन घ्यावे लागते आणि अर्जाची नोंद पतअहवालात साधारण सात वर्षे राहते. तेव्हा तिथली दिवाळखोरी घर वाचवत नाही. ती घर वाचवण्यापुरता वेळ देते.

आपल्याकडे हा वेळच मिळत नाही.

जुन्या मराठी कोर्टाच्या भाषेत दिवाळखोराला ‘नादार’ म्हणत. एके काळी फी माफ झालेल्या विद्यार्थ्यालाही नादारी मिळे आणि त्यात कोणाला लाज वाटत नसे. कर्जातली नादारी मात्र आपल्या मनात थेट दिवाळ्याशी जोडलेली. तिचा कायदा मुंबई शहरापुरता १९०९ चा आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा. १९२० च्या कायद्यात अर्ज करायला ५०० रुपयांचे कर्ज पुरते, यावरूनच त्याचे वय कळावे. आणि ज्याच्याकडे घर तारण आहे त्या सावकाराचा हात हा कायदा धरत नाही. तारण विकून पैसे वसूल करण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो.

ही जुनी गाडी मोडीत काढण्यासाठी २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी तरतुदी आहेत. अर्ज स्वीकारला गेला की कर्जवसुलीला १८० दिवसांपर्यंत स्थगिती आणि त्या काळात धनकोंपुढे परतफेडीचा आराखडा, असे त्याचे स्वरूप. अगदी गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची वेगळी वाट आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत, आणि अर्जदाराच्या मालकीचे घर नसावे, ते गहाण पडलेले असले तरीही. ३५ हजारांत आज बरा मोबाइल येतो. या अटींना गरिबांसाठीची सवलत म्हणणे धाडसाचे आहे.

तरी हा तिसरा भाग पूर्ण लागू झाला असता तर निदान वादाला जागा होती. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी सुरू झाला. म्हणजे आपल्याच कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्या प्रवर्तकाला स्थगिती मागण्याचे दार आहे, आणि नोकरी गेली म्हणून चार हप्ते चुकलेल्या पगारदाराला नाही. हा क्रम उलटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या बाजूचे यंत्र मात्र वेगाने चालते. ९० दिवस हप्ता थकला की खाते एनपीएत जाते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघते, मग न्यायालयाच्या निकालाशिवाय ताबा आणि लिलाव. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येईल, असे सांगितले. त्यामुळे गावच्या बँकेचे कर्जही आता या चौकटीत आहे.

बँकांची बाजू खोटी नाही. त्यांच्याकडचा पैसा ठेवीदारांचा असतो आणि तारण पटकन विकता येते म्हणूनच गृहकर्ज इतर कर्जांहून स्वस्त मिळते. पण नादारीची मागणी आणि कर्जमाफीची मागणी एक नव्हे. माफी सरसकट असते आणि निवडणुकीच्या हंगामात पिकते. नादारीत एकेका माणसाचे उत्पन्न, खर्च आणि देणी न्यायाधिकरणापुढे उघडी करावी लागतात. लपवाछपवी करणारा तिथे पकडला जाण्याची शक्यता तरी असते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा चार वर्षांत सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलाशाचा कायदा करावा लागला. त्यातही रोख्याच्या मागे जाऊन खरा हिशेब पाहण्याचा अधिकार न्यायालयाला होता. हिशेब पाहून दिलासा देणे ही या मातीला परकी कल्पना नाही.

तेव्हा केंद्र सरकारने तिसरा भाग सर्व व्यक्तींसाठी लागू करावा, ‘नवी सुरुवात’च्या रकमा आजच्या महागाईला साजेशा कराव्यात आणि मालकीचे घर नसण्याची अट काढून टाकावी.

ते होईपर्यंत वाचकांना एवढेच सांगणे. बँकेचे पाकीट न उघडता टीव्हीच्या मागे सारू नका. नोटिशीला ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घेतलीत तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. एकरकमी तडजोडीची किंवा हप्ते पुन्हा बांधून देण्याची मागणी याच काळात करा, तीही लेखी. ताब्याची कारवाई झालीच तर ४५ दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात जाता येते. आणि त्या बारीक टायपाच्या पानावर लक्ष ठेवा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की थकबाकी भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो.