थैली एकाच्याच हातीं नको

आमच्या थोरल्या भावजींचा चोख हिशेब हा घराण्याच्या अभिमानाचा विषय. गेल्या सालीं मुलांनीं त्यांना व जाऊबाईंना इटली, क्रोएशिया, ग्रीस व तुर्कस्तान अशा तीन आठवड्यांच्या जलप्रवासास पाठविलें, तेव्हां खर्चाचा तक्ता त्यांनीं महिनाभर आधींच मांडला होता. पैसे, कार्डें, फोन, सारें एका पिशवींत आणि पिशवी त्यांच्या गळ्यांत! जाऊबाईंच्या हातीं मात्र एक नाणेंही नव्हतें.

तुर्कस्तानांतील कुशादासी बंदरापासून एफिससचे प्राचीन अवशेष सुमारें वीस किलोमीटरांवर आहेत. तेथें गर्दींत दोघांची चुकामूक झाली. जाऊबाईंपाशीं ना पाण्यापुरते पैसे, ना गाडीभाडें. स्वतंत्रपणें फिरावयास गेलेल्यांसाठीं बोट थांबत नाहीं. अखेर एका गुजराथी कुटुंबानें त्यांना आपल्या गाडींतून धक्क्यावर आणलें, तेव्हां बोट सुटण्यास जेमतेम पाऊण तास उरला होता. "पंचेचाळीस वर्षें संसार केला, पण त्या दिवशीं मी भिकारीण झालें," असें जाऊबाई हसत सांगतात. भावजी मात्र हसत नाहींत. त्या दोघांच्या संमतीनेंच हें लिहीत आहें.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. बोटीवर रोख पैशाचें काम फारसें पडत नाहीं. चढतांना प्रत्येकास एक कार्ड मिळतें. धुलाई, दुकान, सारा खर्च त्यावर मांडला जातो, आणि नोकरवर्गाच्या बक्षिसीची रोजची रक्कमही बहुधा आपोआप चढते. हें खातें अधूनमधून तपासावें. शेवटच्या रात्रीं रांगेंत उभें राहून वाद घालण्यापेक्षां तें बरें. या खात्यास डेबिट कार्ड जोडूं नये. बोटवाले कांहीं रक्कम अडकवून ठेवतात, आणि ती मोकळी होईपर्यंत आपलेच पैसे आपल्याला मिळत नाहींत. येथें क्रेडिट कार्ड द्यावें.

किनाऱ्यावर मात्र लहान नोटा हव्यात. इटली व ग्रीस येथें युरो चालतो. क्रोएशियानेंही १ जानेवारी २०२३ पासून कूना सोडून युरो स्वीकारला. तेव्हां कोणा आप्तानें प्रेमानें दिलेल्या जुन्या कूनाच्या नोटा तेथील दुकानांत चालणार नाहींत. तुर्कस्तानांत लिरा आहे. त्याची किंमत गेलीं कांहीं वर्षें घसरत आली असल्यामुळें त्या दिवसापुरताच घ्यावा. कार्डानें पैसे देतांना यंत्र "रुपयांत कीं स्थानिक चलनांत?" असें विचारतें. रुपये ओळखीचे म्हणून मोह होतो, पण त्यांत दर बहुधा महाग लागतो. स्थानिक चलनच निवडावें.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें बहुतेक देशांस जातांना एका खेपेस ३,००० डॉलरांपर्यंतच्या परकी नोटा व नाणीं नेतां येतात. बाकीची रक्कम कार्डावर न्यावी. परत आल्यावर २,००० डॉलरांपर्यंतच्या नोटा जवळ ठेवण्यास हरकत नाहीं. त्याहून अधिक उरल्यास १८० दिवसांच्या आंत परत कराव्या.

आणि सर्वांत महत्त्वाचें तें हें: थैली एकाच्या हातीं ठेवूं नये. प्रत्येक प्रौढ माणसाजवळ स्वतःचें, शक्यतों निराळ्या बँकेचें कार्ड असावें, आणि तें चालवितांही यावें. पन्नासेक युरोच्या सुट्या नोटा, पासपोर्टाची प्रत आणि एक चिठ्ठी जवळ असावी. चिठ्ठीवर बोटीचें व धक्क्याचें नांव, परतण्याची वेळ आणि बोटीच्या त्या बंदरांतील प्रतिनिधीचा दूरध्वनि लिहावा. वडील मंडळींना, विशेषतः घरांतील बायकांना, "तुम्हांला कशाला ती दगदग?" असें म्हणणें ही माया खरी, पण परमुलुखांत ती महागांत पडते.

यंदा भावजी सिंगापूरच्या बाजूस जाण्याचा बेत करीत आहेत. नवा तक्ता तयार आहे. त्यांतील पहिलें कलम, त्यांच्याच अक्षरांत, असें आहे: "हिचें पाकीट."