यंत्र बदलतांना हिशेबाचा मेळ

आमच्या लोहाऱ्याशेजारच्या यवतमाळास मूर्तिजापूरहून अरुंद मापाची आगगाडी आली. तींतून निघालेला माल मूर्तिजापुरास उतरवून रुंद मापाच्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. कारण डबा तसाच पुढें ढकलतां येत नसे. उतरलेलें व चढलेलें यांचा मेळ बसला, तरच धन्याचा माल सुखरूप. मोठ्या संस्था मेनफ्रेम नांवाच्या अवाढव्य संगणकावरील आपले हिशेब मध्यम आकाराच्या सर्व्हरांवर नेतात, तेव्हां हाच प्रसंग उद्भवतो. जुनें यंत्र खर्चाचें झालेलें असतें आणि त्याची कोबोल भाषा जाणणारीं माणसें एकामागून एक निवृत्त होत असतात, म्हणून हें स्थलांतर टाळतांही येत नाहीं.

महाराष्ट्रास हें काम अपरिचित नाहीं. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखालीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें १९७४ च्या सुमारास परदेशासाठीं केलेल्या पहिल्या कामांपैकीं एक याच जातीचें होतें. अमेरिकेंतील बरोज कंपनीच्या मध्यम श्रेणीच्या यंत्रांसाठीं कोबोलमध्यें लिहिलेली रुग्णालयांची व्यवस्था त्याच कंपनीच्या लहान श्रेणीच्या यंत्रांवर चालेल अशी करून द्यावयाची होती. भाषा एकच, पण बोली निराळ्या! आणि तें काम मुंबईंत पार पडलें, तें आय.सी.एल. या तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर.

यांत अवघड तें काय, असें सुज्ञ वाचक विचारतील. पहिली अडचण लिपीची. आय.बी.एम.च्या मेनफ्रेमवर अक्षरें 'एबसिडिक' संकेतानें लिहितात, सर्व्हरांवर बहुधा 'आस्की' संकेतानें. रोमन 'ए' या अक्षरास पहिल्यांत १९३ हा अंक आहे, दुसऱ्यांत ६५. पहिल्यांत अक्षरें आधीं व अंक मागून येतात. दुसऱ्यांत अंक आधीं. म्हणजे तीच यादी नव्या यंत्रावर निराळ्या क्रमानें लागते. दुसरी अडचण रकमांची. जुन्या यंत्रांत एका बाइटमध्यें दोन अंक दाबून बसवितात व शेवटच्या अंकाशेजारीं अधिक-उण्याचें चिन्ह ठेवितात. त्यांनाही अक्षरें समजून कोणी सरसकट लिप्यंतर केलें, तर रक्कमच नासते.

मोडी कागद बाळबोधींत उतरविणारास हें लौकर पटेल. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नाहींत. 'दिन' कीं 'दीन' हें संदर्भ जाणणारानेंच ठरवावयाचें. संगणकाच्या हिशेबांतही असे संदर्भ दडलेले असतात. वीस वर्षांपूर्वीं एखाद्या वर्गाच्या खात्यांसाठीं घातलेला व्याजाचा अपवाद आज्ञावलींत असतो, पण कागदावर कोठेंच नसतो. तो ज्याच्या डोक्यांत आहे, त्या वृद्ध कर्मचाऱ्यास निरोपाचा हार घालण्यापूर्वीं शेजारीं बसवून विचारून घ्यावें. आमच्या मतें साऱ्या स्थलांतरांतील हीच सर्वांत मोलाची व सर्वांत उपेक्षिली जाणारी पायरी होय.

यापुढची पायरी पडताळ्याची. कांहीं काळ दोन्ही यंत्रें एकदम चालवून तेच व्यवहार दोहोंवर करावे व उत्तरें पैशापर्यंत ताडून पाहावीं. नुसती एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानूं नये. एका खात्यांत शंभर रुपये वाढले व दुसऱ्यांत तितकेच घटले, तरी बेरीज जुळतेच! ज्या विधवेचे शंभर रुपये घटले, तिला त्या बेरजेचा काय उपयोग? मेळ खात्याखात्याचा हवा.

तेव्हां आपल्या बँकेनें वा विमासंस्थेनें यंत्रणा बदलल्याचें कळवितांच गृहस्थांनीं व विशेषतः गृहिणींनीं जुनें पासबुक टाकून देऊं नये. नव्या पासबुकाशीं शिल्लक, ठेवीची मुदत, व्याजाचा दर, जन्मतारीख आणि वारस म्हणून नोंदविलेलें नांव अक्षरशः ताडून पाहावें, व तफावत आढळल्यास लगेच लेखी कळवून पोंच घ्यावी.